मदत हवी आहे – भाऊ ट्रॅफिक पोलिसात आहे, लोक अंगावर येतात

नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ पुण्यात ट्रॅफिकला कॉन्स्टेबल आहे. हेल्मेट नाही म्हणून गाडी थांबवली की लोक आधी मोबाईल काढून शूटिंग चालू करतात आणि "चिरीमिरीसाठीच उभा आहेस ना" असं तोंडावर बोलतात, गेल्या आठवड्यात तर एकाने गाडीची चावीच त्याच्या अंगावर फेकली. लोकांचा राग मला कळतो हो, झाडामागे लपून पावती फाडणारेही असतातच आणि डिजीलॉकरमधलं लायसन्स चालतं तरी ओरिजिनल मागून अडवणारेही बघितलेत, ते चूकच आहे. पण हा पोरगा सरळ ई-चलान करतो, रोख एक रुपया घेत नाही, मग त्याने का ऐकून घ्यायचं? आता घरी जेवतानाही बोलत नाही, आई काळजीत आहे.

हात उचलला तर पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम 353, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं, पण नुसत्या शिव्या आणि अर्धवट कापून व्हायरल केलेल्या व्हिडिओचं काय करायचं? सायबरला तक्रार त्याने स्वतः द्यायची की वरिष्ठांमार्फत? खात्यात असलेल्यांनी किंवा घरात कोणी पोलीस असेल त्यांनी प्लीज सांगा.