साळुंखे भरीत तपासतात, तेव्हा चित्र कोणाचं?

रेघोट्या, जळगाव

मंडळी, चार दिवस झाले, राग काही जात नाही. म्हणून इथे मांडतो.

मी चित्रं काढतो. पोटासाठी पत्रिकांची, गाइडांची, दुकानांच्या पाट्यांची. हौसेसाठी 'सीआयडी'ची. मालिका १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हा मी पहिलीत होतो. २०१८ मध्ये तिचा पहिला डाव संपला, त्याच वर्षी नोकरी सोडून टॅब घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये ही मंडळी परत आली आणि डोक्यात किडा वळवळला: हे लोक सारखे मुंबईतच काय करतात? एखादी केस आपल्याकडे आली तर?

त्यातून सहा चित्रं झाली. रावेरकडच्या बागेतून केळीचे घड कापून नेलेत आणि एसीपी प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत म्हणतायत, "कायतरी गडबड शे, दया." फ्रेडी सातपुड्यात, रात्री, एकटा. दया एका जुन्या घराचं दार तोडतोय. सगळ्यांत जास्त फिरलं ते डॉ. साळुंखेंचं. प्रयोगशाळेतल्या रंगीत नळ्यांच्या मधोमध भरताची हिरवी वांगी, आणि साळुंखे चिमट्यात देठ धरून सांगतायत, "बॉस, हे गॅसवर भाजलंय, काड्यांवर नाही."

परवा हायवेवर एका ढाब्यासमोर गाडी थांबवली, तर तेच साळुंखे फ्लेक्सवर. माणसापेक्षा मोठे. खाली 'येथे अस्सल भरीत मिळेल'. कोपऱ्यातली माझी सही कापलेली. मालकाला विचारलं, तर म्हणे, "नेटवरून घेतलं भो. तुमचं कसं काय? हा तर टीव्हीतला माणूस आहे."

मला काही बोलताच येईना. जेवलोही तिथेच. भरीत चांगलं होतं, ते एक सोडा.

घरी येऊन शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना फोन लावला, चार शब्द धीराचे मिळतील म्हणून. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या बारशाला जेवायला गेलास, आणि तिथे चप्पल चोरीला गेली म्हणून यजमानाच्या थाटात ओरडतोस?"

तर विचारतो. ते चित्र माझं आहे की नाही? माझं मत सांगून टाकतो: आहे. चेहरा त्यांचा असेल, देठ माझा आहे.

काळी शाई, धुळे

नाही. सर बरोबर बोलले.

मीही याच धंद्यात आहे, म्हणून जरा तिखट लिहितो. तुझी गेल्या दोन वर्षांतली सगळी चित्रं मी बघितलीत. श्रावणात घरी बसवतात त्या कानबाई देवीच्या विसर्जनाचं एक होतं, डोक्यावर चौरंग घेतलेली बाई, मागे धुरकट सकाळ. त्याला किती लाइक होते? चाळीसही नसतील. साळुंख्यांना हजारोंनी. म्हणजे लोकांनी तुझ्या रेषेला टाळ्या वाजवल्या नाहीत, ओळखीच्या चेहऱ्याला वाजवल्या. त्या टाळ्या त्या नटाने आणि लेखकांनी वीस वर्षं राबून मिळवल्यात. तू फक्त टाळ्यांच्या वाटेत उभा राहिलास.

ढाबेवाल्याने तुझ्याशी जे केलं तेच तू वाहिनीशी केलंस. त्याने निदान भरीत तरी खाऊ घातलं.

खापरावरचे मांडे, चाळीसगाव

'टाळ्यांच्या वाटेत उभा राहिलास' हे वाक्य छान आहे, पण खोटं आहे. प्रद्युम्न, दया, साळुंखे सगळ्यांना माहीत आहेत, तर मग रोज हजार लोक त्यांची चित्रं टाकतात त्या सगळ्यांना का नाही मिळत टाळ्या? 'गॅसवर भाजलंय, काड्यांवर नाही' हे वाहिनीच्या कोणत्या लेखकाने लिहिलं होतं? ते वाक्य वाचून माझी सासू हसली. तिने आयुष्यात 'सीआयडी' बघितलेलं नाही. तिला साळुंखे कोण ते माहीत नाही. तिला काड्यांचा वास माहीत आहे.

वकीलताई, जळगाव

भावना बाजूला ठेवू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात 'फॅन आर्ट' असा शब्दच नाही, त्यामुळे 'फॅन आर्टला परवानगी आहे' म्हणणारे आणि 'फॅन आर्ट गुन्हा आहे' म्हणणारे दोघेही हवेत बाण मारतात. कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत: खाजगी वापर, टीका, समीक्षा वगैरे. वहीत काढलंस, मित्रांना दाखवलंस, कोणी विचारत नाही. टी-शर्टवर छापून विकलंस की 'खाजगी' म्हणायची सोय संपली.

शिवाय चेहरा पात्राचा असला तरी तो एका जिवंत नटाचाही आहे. २०२३ मध्ये अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून आपलं नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरण्यावर मनाई आणली. यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, न्यायालयांनीच तो हक्क मानत आणलाय.

म्हणजे त्या फ्लेक्सवर तक्रार करू शकणारे तिघं झाले. वाहिनी, नट आणि तू. सही कापली म्हणून तुझी तक्रार खरीच आहे. पण नोटीस पाठवलीस तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, "तुम्ही कोणाला विचारून काढलं?" तेव्हा काय सांगशील ते आधी ठरव, मग माझ्याकडे ये. फी घेईन.

भुसावळ जंक्शन

मी रेल्वेतला माणूस, कलेतलं फार कळत नाही. पण आमच्या गावात एका नक्कल करणाऱ्याची कबर आहे, म्हणून लिहितो.

मेजर रॉबर्ट गिल. कंपनी सरकारने १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याला पाठवलं, लेण्यांतली चित्रं कॅनव्हासवर उतरवून आणायला. गडी जवळपास वीस वर्षं तेच करत बसला. दगडी अंधारात, वटवाघळांच्या घाणीत, दुसऱ्याच्या चित्राची नक्कल. ती चित्रं लंडनला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले, पुन्हा तेच काम, तेरा वर्षं. त्यातलीही बरीच लंडनला १८८५ च्या आगीत गेली. गिल १८७९ मध्ये वारला. भुसावळच्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत आहे.

आता सांगा, गिलने स्वतःचं काय काढलं? काहीच नाही म्हणा. पण जे. जे.ची जी पोरं ग्रिफिथ्सच्या हाताखाली अजिंठ्यात बसली त्यांचा हात तिथेच तयार झाला. दुसऱ्याचं काढता काढता.

काळी शाई, धुळे

जंक्शन साहेब, माहितीबद्दल आभार, कबरीचं मला ठाऊक नव्हतं. पण उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. गिल 'हे माझं' म्हणाला नाही. नक्कल म्हणूनच केली, नक्कल म्हणूनच पाठवली. आपला मित्र म्हणतोय 'देठ माझा आहे'. शिकायला काढ, शंभर काढ. मालकी सांगू नकोस एवढंच म्हणतोय.

खापरावरचे मांडे, चाळीसगाव

आणि अजिंठ्याची मूळ चित्रं कोणाची? जातककथा त्या चित्रकारांनी लिहिल्या होत्या का? त्यांना आवडलेल्या गोष्टीतली आवडलेली पात्रं त्यांनी आपल्या काळाचे दागिने, आपल्या काळाची घरं घालून काढली. हे फॅन आर्ट नाही तर काय आहे? फरक एवढाच की जातकांची वाहिनी नव्हती.

आमच्याकडे गुलाबाई बसते तेव्हा दर घरची गुलाबाई वेगळी. कोणी कुंभाराला विचारत नाही, शंकर-पार्वतीची परवानगी घेतलीस का म्हणून.

वकीलताई, जळगाव

शंकर-पार्वतीचा चेहरा कोणा जिवंत नटाचा नसतो, मांडेताई. वाद छान करताय, पण कोर्टात गुलाबाई चालणार नाही.

टेक्नो खानदेशी

एवढा वाद कशाला. मार्च २०२५ मध्ये सगळ्या जगाने एआयकडून जिबली स्टाइलचे फोटो करून घेतले. आता 'साळुंखे, भरीत, प्रयोगशाळा' लिहा, दहा सेकंदांत चित्र. ढाबेवाला पुढच्या वेळी तेच करेल. सही कापायचीही गरज नाही.

रेघोट्या, जळगाव

करून बघितलं भाऊ, तुझ्या आधीच. जांभळी वांगी आली, चकचकीत, वाटोळी. तीनदा लिहिलं 'हिरवी, लांबट, भरताची'. चौथ्यांदा काकडी आली.

काळी शाईला उत्तर द्यायचंय. कानबाईच्या चित्राचं तू बोललास ते लागलं, कारण खरं आहे. एकोणचाळीस लाइक होते. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. कानबाई मी दोन फोटो बघून एका दुपारी काढली होती. दयाच्या दारासाठी मी आजोळी गेलो. तिथलं ओसरीचं दार, त्यावरचे लोखंडी फुल्यांचे खिळे, कडी, कोयंडा, खालच्या फळीला उंदराने पाडलेलं भोक, हे सगळं दोन तास उकिडवं बसून वहीत घेतलं. मामी म्हणाली, "दार विकायचंय का रे?" तीन रात्री ते दार रंगवत होतो. दया अर्ध्या तासात झाला, तो मला झोपेतही येतो. दयाने दार तोडायचं नसतं, तर मी जन्मात त्या दारासमोर बसलो नसतो.

आणि हो, टी-शर्टवाला आला होता, नगाला तीस रुपये देतो म्हणाला. मी अजून नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही.

निवृत्त चित्रकला शिक्षक, अमळनेर

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलं बसवण्यात माझी तीस वर्षं गेली. स्मरणचित्राच्या पेपरात दरवर्षी तेच: बाजार, पाणवठा, बस थांबा. मुलं कधी बाजारात बसून बाजार बघत नाहीत. मागच्या वर्षीच्या गाइडातला बाजार पाठ करून उतरवतात. फुगेवाला डावीकडे, झाड उजवीकडे, छत्री मधे. त्यालाही सगळे 'स्वतःचं चित्र' म्हणतात, गुणही मिळतात.

मी रेघोट्याचं दार मोठं करून बघितलं. ते बघून काढलेलं आहे. मग त्याचा पुढचा भाग बघितला. दयाचा चेहरा मालिकेची फ्रेम थांबवून घेतलेला आहे, कारण उजेड वेगळ्या बाजूने येतो. दारावर उन्हाची तिरीप डावीकडून, दयाच्या गालावर स्टुडिओचा उजेड उजवीकडून. एकाच चित्रात दोन सूर्य. काळी शाई ज्याला 'दुसऱ्याचं' म्हणतोय ते मालकीचं वगैरे जाऊ द्या, हे नजरेला टोचतं. चेहराही त्या ओसरीत आणून बसवला असतास, तर मी भांडलो नसतो.

तुझ्या सरांचं बारशाचं वाक्य मात्र मला आवडलं. कोण आहेत हो?

काळी शाई, धुळे

दोन सूर्य! गुरुजी, नमस्कार. मला तीन महिन्यांत दिसलं नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही. टी-शर्ट छापू नये. तीस रुपयांसाठी तर नाहीच. पण कानबाई एका दुपारी आणि दार तीन रात्री, हे वाचून थोडा गप्प झालो. मग तीन रात्री कानबाईला का नाही दिल्यास रे? श्रावण दरवर्षी येतो.

रेघोट्या, जळगाव

कानबाईसमोर भीती वाटते. चुकलं तर घरचे बोलतात. दयाचं चुकलं तर दया काही म्हणत नाही.

वकीलताई, जळगाव

दयाचा वकील म्हणेल.

पांढरी माती, यावल

मला कायदा आणि कला दोन्हींत गती नाही. जुनी घरं पाडून सागाची लाकडं विकतो, वडिलांपासूनचा धंदा. दारावर बोलतो.

खिळे बरोबर. कडी बरोबर. अडसर चुकला. तुम्ही दार आतल्या बाजूने दाखवलंय, दया बाहेरून लाथ मारतोय आणि अडसर अख्खाच्या अख्खा हवेत उडालाय. तसं होत नाही. अडसर भिंतीतल्या खोबणीत सरकवलेला असतो, दोन्हीकडे हातभर आत. अख्खा सुटून यायला वाटच नाही. आणि तो साग. धाब्याच्या घराची भिंत आमच्या नावासारखी, पांढऱ्या मातीची. लाथ बसली तर अडसर तुटायच्या आधी भिंत सुटते. मी पाडताना शंभर वेळा बघितलंय.

रेघोट्या, जळगाव

म्हणजे दार जागेवर आणि बाजूची भिंत खाली?

पांढरी माती, यावल

भिंतीचा खोबणीजवळचा तुकडा आधी. मग अडसर एका टोकाने खाली येतो, तिरका. दुसरं टोक अडकलेलंच. आणि माती. एवढी की समोरचा माणूस दिसत नाही.

रेघोट्या, जळगाव

मग दयाचा चेहरा दिसणारच नाही.

पांढरी माती, यावल

थोडा वेळ नाही. धूळ बसली की दिसेल. पांढरा झालेला.

निवृत्त चित्रकला शिक्षक, अमळनेर

धुळीत उजेड एकाच बाजूने येऊ दे.