साउथवेस्टमध्ये एकत्र सीट
कुणीतरी लिहिलंय की साउथवेस्टला (अमेरिकेतली विमान कंपनी, तिथे ठरलेली सीट नसायची, आत जाऊन रिकामी दिसेल तिथे बसायचं) ए ग्रुप, म्हणजे सगळ्यात आधी आत सोडतात तो गट, नाही मिळाला तर शेजारी शेजारी बसायचं विसरा, तसं काही नव्हतं हो. ६ वर्षांपर्यंतचं पोर बरोबर असलं की ए ग्रुप संपल्यावर, बी ग्रुपच्या आधी आईबाबांना आत सोडायचे, आणि नाहीच तर सरळ मागे चालत जायचं, पुढे खिडकी नि आइल (वाटेकडची सीट) सगळे पटकवायचे, मधली तेवढी रिकामी, मागे बऱ्याचदा अख्खी रांग मिळून जायची. बॅग ठेवून जागा धरणारेही असायचे (आपला एसटीतला रुमालच की!), नियमात त्याला बंदीही नव्हती. पण २७ जानेवारी २०२६ पासून हे ओपन सीटिंगच बंद झालंय, तेव्हा आता बुकिंग करतानाच सीटा निवडून टाका, फक्त बेसिक (सगळ्यात स्वस्त) भाडं घेऊ नका, त्यात चेक-इनला ते देतील ती सीट.