अमेरिकेतल्या मोबाइलचा व्हॉइसमेल मुंबईच्या लँडलाइनवरून ऐकता येतो का? (जरा अर्जंट)

पार्ले_पूर्व:
मंडळी, थोडी घाई आहे म्हणून नवा धागा काढतोय, आधी कुठे चर्चा झाली असेल तर लिंक द्या. माझी मावशी न्यू जर्सीहून आलीये, आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून. परवाच्या पावसात पार्ला स्टेशनहून घरी येईपर्यंत तिच्या पर्सचं पार तळं झालं आणि आयफोन गेला. दुकानवाला म्हणतो बोर्ड उडालाय, बघतो पण गॅरंटी नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकू म्हटलं तर तिच्या फोनला सिमचा खाचाच नाही, अमेरिकेत १४ पासून पुढचे सगळे आयफोन फक्त ई-सिमवाले असतात म्हणे, म्हणजे सिम फोनच्या आतच, काढता येत नाही.

आता प्रॉब्लेम असा की तिकडचे लोक अजूनही व्हॉइसमेल ठेवतात, म्हणजे फोन उचलला नाही की निरोप रेकॉर्ड करून ठेवतात. तिच्या डॉक्टरच्या ऑफिसचा निरोप यायचाय, घराच्या इन्शुरन्सचं काहीतरी अडकलंय, आणि ही सगळी मंडळी व्हॉट्सॅपवर नाहीत, ईमेलला उत्तर देत नाहीत, फक्त फोन करून निरोप ठेवणार. आजीकडे तळमजल्यावर मोबाइलला रेंज नसल्यात जमा, पण एमटीएनएलचा जुना लँडलाइन ठणठणीत आहे. त्यावरून तिचा व्हॉइसमेल ऐकता येईल का? की त्यासाठी तिचाच फोन हातात लागतो? व्हॉइसमेलचा पिन तिला आठवतोय असं म्हणते, पण तोच का याची खात्री नाही.

खडूस_काका:
पहिला प्रश्न, एमटीएनएलचा फोन पावसाळ्यात चालू आहे? पत्ता द्या, दर्शनाला येतो.
बाकी व्हॉइसमेल हा प्रकार आपल्याकडे कधी रुजलाच नाही. कारण सोपं आहे, आपण मिस्ड कॉल दिला की समोरच्याला कळतं, फुकटात. २००३ पर्यंत आपल्याकडे इनकमिंगलासुद्धा पैसे पडायचे, तेव्हा फोन उचलायलाच जीव जायचा, रेकॉर्ड केलेला निरोप पैसे देऊन कोण ऐकणार. पोचलो की एक रिंग, निघालो की दोन रिंग, संपला विषय. मावशींना सांगा डॉक्टरला मिस्ड कॉल द्या :)

जुना_लाइनमन:
काका, मस्करी पुरे, पोरगा अडचणीत आहे.
पार्ले_पूर्व, हो, ऐकता येतो. नीट समजून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. व्हॉइसमेल फोनमध्ये नसतोच, तो तिकडच्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. हँडसेट भिजला, फुटला, हरवला तरी निरोप तिथे सुखरूप. उलट आता फोन बंद आहे म्हणजे येणारा प्रत्येक कॉल न वाजता सरळ तिथेच जातोय. आपल्या फोनमध्ये १ दाबून धरला की व्हॉइसमेल लागतो ती नुसती सोय आहे, ती नसली तरी दुसऱ्या कुठल्याही फोनवरून आत शिरता येतं.

करायचं असं. लँडलाइनवरून मावशींचा स्वतःचाच नंबर लावा, ००, मग १, मग त्यांचा एरिया कोडसकट दहा आकडी नंबर. पलीकडे त्यांच्याच आवाजात 'मी आत्ता फोन घेऊ शकत नाही' सुरू होईल. ते पूर्ण ऐकत बसू नका, मधेच कंपनीप्रमाणे स्टार किंवा हॅश दाबा. व्हेरायझन असेल तर हॅश, एटीअँडटी किंवा टी-मोबाइल असेल तर स्टार. मग पिन मागेल, पिन टाकला की पुढचं सगळं मशीनमधली बाई सांगते, ऐकायला हे दाबा, पुसायला ते दाबा. बीप वाजेपर्यंत काहीच दाबलं नाहीत तर मात्र तुमचाच निरोप रेकॉर्ड व्हायला लागेल, मग मागे घरात कुकरची शिट्टी आणि आजीच्या हाका सगळं मावशींच्या व्हॉइसमेलच्या पेटीत जाणार. तसं झालं तर ठेवून द्यायचा फोन आणि परत लावायचा.

आता लँडलाइनची खरी गोम. आजींचा फोन टोनवर आहे की पल्सवर ते आधी बघा. जुन्या बटणवाल्या फोनला खाली किंवा बाजूला छोटा खटका असतो, टी आणि पी. पी वर असेल तर बटण दाबल्यावर टक्-टक्-टक् आवाज येतो, म्हणजे फोन नुसती लाइन तोडून जोडतोय. नंबर लागायला ते पुरतं, पण पलीकडच्या मशीनला त्यातलं काही कळत नाही. टोनमध्ये प्रत्येक बटण एकदम दोन सूर पाठवतं, १ दाबलात की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे, आणि ते सूर आवाजासारखेच लाइनवरून थेट अमेरिकेपर्यंत जातात. मशीन तेच ओळखतं. त्यामुळे खटका टी वर करा. खटका सापडला नाही तर बऱ्याच फोनमध्ये कॉल लागल्यावर स्टार दाबला की तेवढ्या कॉलपुरता तो टोनवर जातो. गोल फिरवायची डायल असेल तर विसरा, शेजाऱ्यांचा फोन मागा.

बटणं दमाने दाबा. एक दाबायचं, सोडायचं, मग दुसरं. भराभर दाबली की एखादा आकडा खाल्ला जातो आणि पिन चुकीचा म्हणून बाई ओरडते.

पार्ले_पूर्व:
@जुना_लाइनमन खूप खूप आभार!! खटका आहे, फोनच्या पोटाखाली, आणि तो पी वरच होता, कधीपासून देव जाणे. पण आता वेगळंच, ०० फिरवलं की 'ही सुविधा आपल्या फोनवर उपलब्ध नाही' असं तीन भाषांत ऐकवतात. आजोबांनी आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावायची सोय, बंद करून ठेवलं होतं म्हणे, आम्ही पोरं लहान असताना. काय करू?

खडूस_काका:
आजोबा हुशार. त्या काळात आयएसडी उघडं ठेवणं म्हणजे तिजोरी उघडी ठेवण्यासारखंच होतं, एका महिन्याच्या बिलात माणूस बसायचा. आमच्याकडे तर फोनच्या डायलला छोटं कुलूप असायचं.

जुना_लाइनमन:
एक्स्चेंजमध्ये अर्ज देऊन उघडून मिळतं, पण ज्याच्या नावावर फोन आहे त्याची सही लागेल, त्यात वेळ जाईल. तोपर्यंत लँडलाइनचा हट्ट कशाला? कुठलाही फोन चालतो. तुमच्याच मोबाइलवर आयएसडी पॅक मारा, गच्चीत रेंज येत असेल तर तिथून लावा, कॉल चालू असताना स्क्रीनवर कीपॅड उघडला की झालं, मोबाइलमध्ये टोन-पल्सची भानगडच नाही. फायबरसोबत जो लँडलाइन मिळतो त्यावरूनही होईल, फक्त तिथे कधीकधी टोन डबल होतात किंवा गाळले जातात, मग पुन्हा तेच, दमाने.
आणि दुकानाबाहेर तो लाल, एक रुपयाच्या नाण्याचा डबा असायचा ना, कुठे शिल्लक असला तरी त्यावरून प्रयत्न करू नका, तो लोकलपुरताच.

एडिसनची_वहिनी:
मी इकडे न्यू जर्सीतच राहते म्हणून थोडी भर घालते. पिन आठवत नसेल तर उगाच अंदाजपंचे मारत बसू नका, जास्त वेळा चुकला तर पेटी लॉक होते. त्यापेक्षा कंपनीच्या वेबसाइटवर त्यांच्या अकाउंटमध्ये लॉगइन करून व्हॉइसमेलचा पिन बदलता येतो, ते तिथल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून होईल. पण एक मेख आहे, लॉगइनचा कोड त्यांच्याच बंद पडलेल्या नंबरवर एसएमएसने जाईल, तर कोड ईमेलवर मागवायचा पर्याय दिसतो का ते बघा. नाहीतर घरातलं कुणी त्याच फॅमिली प्लॅनमध्ये असेल, नवरा, मुलगा, त्यांच्या लॉगइनने काम होतं.

अजून एक, मेसेजच्या आधी मशीन जी वेळ सांगतं ती इकडची असते. आत्ता इकडे उन्हाळा आहे म्हणजे तुम्ही आमच्या साडेनऊ तास पुढे. मशीन म्हणालं मंगळवारी दुपारी चार दहा, तर ते तुमच्याकडे बुधवारी पहाटे एक चाळीस. डॉक्टरच्या ऑफिसला उलट फोन करायचा तर तुमच्या संध्याकाळी साडेसहानंतर करा, त्याआधी तिथे कुणी नसतं, परत मशीनच बोलेल.

आणि ऐकून झालं की लगेच पुसू नका, सेव्ह करा. सेव्ह केलेलेही कायमचे राहत नाहीत, काही आठवड्यांनी आपोआप उडतात, तर नंबर आणि नावं ऐकता ऐकता कागदावर लिहून घ्या. पेटी भरली की नवीन निरोप घेत नाही, म्हणून ते विकायवाल्यांचे फालतू मेसेज तेवढे उडवत जा.

ठाणे_स्लो:
मधेच घुसतोय, पण हेच भारतातल्या सिमला चालतं का? माझा मोबाइल रिपेअरला आहे, ऑफिसातून फोर्टच्या लँडलाइनवरून माझाच नंबर लावून बघितला तर आधी लागतच नव्हता.

जुना_लाइनमन:
आधी शून्य लावलात का? १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून भारतातल्या कुठल्याही मोबाइलला आधी ० लावावा लागतो, मुंबईतून मुंबईत असला तरी. बऱ्याच ऑफिसांत अजून लोक विसरतात आणि फोन बिघडलाय म्हणून आमच्या नावाने बोंब मारतात.
पण लागला तरी आपल्याकडे बहुतेक सिमवर व्हॉइसमेल चालूच नसतो, 'स्विच ऑफ आहे' एवढंच ऐकू येईल. फोन परत आला की मिस्ड कॉल अलर्टचा एसएमएस येतो, आपल्याकडे व्हॉइसमेलचं काम तोच करतो. पुढच्या वेळी फोन रिपेअरला द्यायच्या आधी सेटिंगमधून कॉल फॉरवर्डिंग घरच्या नंबरवर करून ठेवा. स्टार-हॅशचे कोड फिरवू नका, एप्रिल २०२४ पासून सरकारने यूएसएसडीवरून, म्हणजे असे कोड फिरवून, होणारं फॉरवर्डिंग बंद करायला लावलंय, कारण भामटे लोकांना फोन करून 'हे दाबा' सांगायचे आणि त्यांचे कॉल, ओटीपीसकट, स्वतःकडे वळवून घ्यायचे.

शंकेखोर:
भामट्यांचा विषय निघालाच आहे तर वरच्या युक्तीची दुसरी बाजूही सांगतो. तुम्ही कुठल्याही फोनवरून आत शिरू शकता म्हणजे दुसराही शिरू शकतो. इंग्लंडमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हा १८४३ पासून चाललेला पेपर २०११ साली बंद पडला तो याचमुळे. त्यांची माणसं एका फोनवरून समोरच्याची लाइन बिझी ठेवायची, दुसऱ्या फोनवरून नंबर लावला की सरळ व्हॉइसमेल लागायचा, आणि पिन कुणी बदललेलाच नसायचा, कंपनीने दिलेला तोच. कुठल्या महागड्या मशीनची गरज नव्हती, दोन साधे फोन पुरले.
व्हॉट्सॅपचंही तेच. भामटा तुमच्या नंबरने व्हॉट्सॅप चालू करायला बघतो, कोड फोन करून सांगा असं निवडतो, मध्यरात्री तुम्ही झोपलेले, फोन उचलत नाही, कोड व्हॉइसमेलमध्ये पडतो आणि तो तिथून ऐकून घेतो. २०१८ मध्ये इस्रायलच्या सरकारी सायबर खात्याने यावर लोकांना सावध केलं होतं.
तर मावशींचा पिन नंबरचे शेवटचे चार आकडे असेल किंवा १२३४ असेल तर आधी तो बदला. आणि व्हॉट्सॅपला टू-स्टेप पिन लावा, नवीन फोन घेतल्याबरोबर.

पार्ले_पूर्व:
झालं एकदाचं! गच्चीतून माझ्या मोबाइलवरून लावला. मावशीची कंपनी व्हेरायझन निघाली, हॅश दाबल्यावर लगेच पिन मागितला. तिला आठवत होता तो चालला नाही, मग मावशीच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या काकांच्या लॉगइनवरून बदलून घेतला, ते तिकडे रात्रीचे जागे होते म्हणून जमलं. डॉक्टरच्या ऑफिसचा निरोप होता, इन्शुरन्सवालीने तर एकच मेसेज दोनदा ठेवलाय आणि रेफरन्स नंबर इतक्या भरभर म्हणतेय की मावशी आणि मी कान लावून तीनदा ऐकला तरी मधला आकडा कळत नाही, फाइव्ह आहे की नाइन.

आता एकच शंका. तिचा स्वतःचा फोन समजा चालू झाला, दुकानवाला म्हणतोय प्रयत्न करतो, तर तो इथे चालू ठेवला आणि कॉल उचलला नाही तर रोमिंगचे पैसे लागतात का?

एडिसनची_वहिनी:
लागू शकतात, प्लॅन बघावा लागेल. फोन बंद असेल तर कॉल इकडच्या इकडेच व्हॉइसमेलला जातो, भारतात जातच नाही. पण फोन चालू असून वाजत राहिला आणि उचलला नाही, तर कॉल आधी मुंबईत जातो आणि तिथून परत अमेरिकेतल्या व्हॉइसमेलला वळतो. काही प्लॅनमध्ये त्या दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागतात, एक शब्द न बोलता. मावशींना म्हणावं वायफाय चालू ठेवा, एअरप्लेन मोडवर टाका, आणि निरोप असेच बाहेरून ऐका.
तो नंबर पुन्हा ऐकताना कागदावर दोन्ही आकडे लिहून ठेवा, इन्शुरन्सवाल्यांना फोन केलात की नाव आणि जन्मतारीख सांगून केस निघते, रेफरन्स नाही मिळाला तरी अडत नाही.

खडूस_काका:
आणि आजोबांचं आयएसडी बंदच राहू द्या.