सहा फुटी टाकी: २२ हजारांची घ्यावी की ३८ हजारांची?

दुसरा_मजला_विश्रामबाग

दोन वर्षांपूर्वी आणले तेव्हा माझे दोन ऑस्कर मासे बोटाएवढे होते. आता वीतभराच्या वर गेलेत, तीन फुटी टाकीत वळताना शेपटी काचेला घासते. म्हणून सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी टाकी करून घ्यायची आहे.

सांगलीत दोन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला १० एमएम काच, वर दोन आडव्या पट्ट्या, अँगलचं स्टँड, २२ हजार, चार दिवसांत घरपोच. दुसऱ्याकडं १२ एमएम, कडा पॉलिश केलेल्या, वरून चारी बाजूंनी आत पट्टी, चौकोनी पाइपचं स्टँड, ३८ हजार. शिवाय हा म्हणतो, "पंधरा दिवस लागतील, घाई असेल तर दुसरीकडं बघा." बोलणंही जरा तुसडं.

सगळं मिळून बजेट ५० हजार. सासरे म्हणतात, काच ती काच, २२ ची घे. बायको म्हणते, घे कुठलीही, पण फुटली तर खालच्या काकूंकडं तू जायचंस. तुमचा अनुभव काय?

ऑस्करवाला_मिरज

२२ ची घ्या, डोळे झाकून. माझी अगदी हीच साइज, १० एमएम, सहा वर्षं झाली, एक थेंब नाही.

मासे काच फुटून मरत नाहीत हो, अमोनियानं मरतात. ऑस्कर म्हणजे खादाड जात, जेवढं खाणार तेवढी घाण करणार. ३८ टाकीतच घातले तर हातात राहिले १२. लाइट, वाळू, झाकण यात त्यातले निम्मे जातात, मग फिल्टर कुठला घेणार, काचेला लटकवायचं डबडं? सगळे म्हणतात चांगला फिल्टर पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात मुलांची फी येते. मी बचत केलेल्या पैशांत मोठा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, घेतला आणि जुन्या टाकीतला स्पंज त्यात तसाच टाकला. नाहीतर नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात आणि तोवर मासा अंगावर काढतो.

कुपवाडचा_काचवाला

मी काचेचंच काम करतो, टाक्याही चिकटवतो. वरच्या दोन दरांतला एकही माझा नाही, म्हणून मोकळं बोलतो.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, काच किती सुताची? तीन सूत म्हणजे १० एमएमच्या आसपास, चार सूत म्हणजे साडेबारा. एवढं कळलं की त्याला वाटतं टाकी कळली. काच क्वचित दगा देते, दगा देतो सांधा. आणि सांध्याचा दर कुणी विचारत नाही, कारण तो कोटेशनमध्ये लिहीत नाहीत.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं वाळतं, बाहेरून आत. वरची कातडी तासाभरात धरते, आतलं दोन-दोन दिवस ओलं असतं. जाड सांध्याला आठवडा द्यावा. आता "चार दिवसांत घरपोच"चा हिशेब तुम्हीच मांडा. काच कापली कधी, कडा घासल्या कधी, पुसून कोरडी केली कधी, चिकटवली कधी? तो तुसडा माणूस पंधरा दिवस मागतोय त्यातले सात-आठ दिवस टाकी नुसती उभी राहणार आहे. ते दिवस तुम्ही विकत घेताय.

दुकानात जाल तेव्हा मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लावून सांध्याला आडवी धरा आणि काचेतून बघा. सांधा एकसारखा दिसला पाहिजे. मध्ये चांदीसारखे ठिपके चमकले की ती अडकलेली हवा. सुटा एखादा ठिपका चालतो. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली चमकती रेघ दिसली तर चहा प्या आणि घरी जा. नाक लावून बघा, व्हिनेगरसारखा आंबट वास अजून येत असेल तर आत वाळायचं बाकी आहे. आणि सिलिकॉनची नळी दाखवायला सांगा. बाथरूमचं बुरशी न धरणारं सिलिकॉन स्वच्छ दिसतं, पण त्यातलं औषध माशाला बाधतं.

गळाली तर वरून बोट फिरवू, असंही कुणी सांगेल. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. ब्लेडनं सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं, म्हणजे टाकी रिकामी आणि मासे बादलीत.

खालच्या_मजल्यावरची

मी त्या "खालच्या काकूं"पैकी आहे. आमच्या डोक्यावर एकांची पाच फुटी टाकी होती. स्वस्तात केली हे ते स्वतःच कौतुकानं सांगायचे.

फुटली वगैरे नाही. फुटली असती तर निदान एकदाच कळलं असतं. आमच्या हॉलच्या छताला आधी बशीएवढा पिवळा डाग आला. आम्हाला वाटलं त्यांच्या बाथरूमचं असेल, प्लंबर बोलावला, फरशी काढली, काही नाही. पावसाळा संपेपर्यंत डाग परातीएवढा झाला आणि एके दिवशी पंख्याच्या वाटीतून पाणी टपकायला लागलं. वर जाऊन बघितलं तर टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, स्टँडच्या प्लायवर, क्षाराची पांढरी रेघ. बोरचं पाणी होतं ना. पाणी उडून जायचं, क्षार राहायचा. करंगळीएवढी जाड रेघ झाली होती, म्हणजे किती महिने चाललं होतं बघा. त्यांनी ती मिठासारखी पुसून टाकली असती तर आम्ही अजून बाथरूमच फोडत बसलो असतो.

रंगाचे पैसे त्यांनी दिले. बोलणं मात्र अजून पूर्वीसारखं नाही. १६ हजारांचा फरक मोजताना हेही धरा, आणि टाकीची मागची बाजू भिंतीपासून हातभर सोडा म्हणजे बघता येईल.

ऑस्करवाला_मिरज

ताई, वाईट झालं, पण ती टाकी स्वस्त म्हणून गळाली की जुनी म्हणून, की स्टँड वाकडं होतं म्हणून, हे कुणी बघितलं का? महागाची फुटत नाही असं थोडंच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनच्या हॉटेलातलं अ‍ॅक्वाडोम फुटलं. दहा लाख लिटर पाणी, दीड हजाराच्या आसपास मासे, सगळं लॉबीत आणि तिथून रस्त्यावर. तिथं कुणी २२ हजारवाला नव्हता.

कुपवाडचा_काचवाला

बर्लिनचा तो अ‍ॅक्रिलिकचा नळा होता, तीन-चार मजले उंच. त्याची आणि आपल्या काचेच्या पेटीची सोयरीक लावू नका. स्टँडचं मात्र बरोबर बोललात.

गावभागकर

आमचं गणित वेगळं आहे. आम्ही नदीकाठचे. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर होतं, ४५ ला धोका म्हणतात. फ्रीज टेबलावर चढवला, धान्य माळ्यावर, म्हातारी भावाकडं. टाकी कोण उचलणार? तिथंच सोडली.

पाणी उतरल्यावर येऊन बघतोय तर टाकी जागेवर, अख्खी. आतून पाणी, बाहेरूनही पाणी, काचेला रेटा देणार कोण? आत गुडघाभर गाळ आणि मासे पसार. मग ती गाळ काढताना माझ्याच फावड्यानं फुटली.

तेव्हापासून मी जुनी, चार फुटी, पडेल त्या किमतीची घेतो. ज्याच्या घरात दर काही वर्षांनी कृष्णामाई येऊन जाते त्यानं कडा पॉलिश करून काय करायचं? तुम्ही विश्रामबागेत, ते पण दुसऱ्या मजल्यावर. तुम्ही करा खर्च.

बीम_कॉलम

स्थापत्याचं काम करतो. आधी जमिनीचं बोलू, कारण ते कुणी काढलंच नाही.

६ × २ × २ म्हणजे २४ घनफूट, ६८० लिटर, तेवढेच किलो. १२ एमएमची नुसती काच १२० किलोच्या पुढं. स्टँड, वाळू, दगड धरून ९०० किलो होतात. जागा फक्त १२ चौरस फूट. घराच्या स्लॅबला भारतीय मानकानुसार चौरस मीटरला २०० किलो धरतात, इथं ८०० पडतायत. म्हणून स्लॅब कोसळेल असं नाही, पूर्ण खोलीचा भार मिळून बघायचा असतो. पण खोलीच्या मधोमध ठेवू नका. खाली बीम असलेल्या भिंतीला लागून, लांबी बीमच्या दिशेनं. बिल्डिंगचा नकाशा असेल तर एकदा कुणाला तरी दाखवा.

आता काच. पाण्याचा दाब लांबीवर नाही, उंचीवर ठरतो, आणि समोरच्या काचेवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गानं वाढतो. सहा फुटी काचेवर दोन फूट पाण्याचा रेटा ३४० किलोच्या आसपास, दीड फुटाला १९०. टाकीवाले छंदी लोक काचेची जाडी काढताना साधारण ३.८ पट सुरक्षितता धरतात, म्हणजे पडणाऱ्या ताणाच्या ३.८ पट ताण काचेनं सोसला पाहिजे. वरची पट्टी हिशेबात न घेता दोन फूट उंचीला त्यासाठी १३ एमएम काच लागते. १२ ला ३.३ येतो, १० ला २.३. पट्ट्यांनी तो सुधारतो, म्हणून मिरजकरांची टाकी सहा वर्षं उभी आहे. पण पट्टीचा सांधा सुटला तर ती २.३ वरच येणार.

माझा प्रश्न असा की दोन फूट उंची हवीय कशाला? उंची दीड फूट करा, १० एमएमलाच सुरक्षितता ५ च्या वर जाते. कमी पडलेलं पाणी रुंदीत घ्या. ६ × अडीच × दीड केलं तर ६३७ लिटर, म्हणजे फक्त ४३ लिटरचा फरक. ऑस्करला वळायला रुंदी लागते, उंची नाही. वजन तेवढंच राहतं पण जास्त जागेवर पसरतं. २२ आणि ३८ च्या मधला दर येईल, आणि दोन्ही दुकानदारांचं भांडण मिटेल.

ऑस्करवाला_मिरज

कागदावर छान आहे साहेब. अडीच फूट रुंद टाकी भिंतीला लावल्यावर मागचा कोपरा कोण साफ करणार? माझा हात दोन फुटालाच दमतो. आणि बघणाऱ्याला दीड फुटाची टाकी शवपेटीसारखी दिसते, हे पण लिहा.

बीम_कॉलम

मागचा कोपरा लांब दांड्याच्या ब्रशनं. दोन फूट उंच टाकीचा तळ गाठायला तुम्ही स्टुलावर चढता की नाही?

ऑस्करवाला_मिरज

चढतो.

कुपवाडचा_काचवाला

साहेबांचा आकडा मान्य, पण तो चांगल्या काचेचा आहे. कड घासताना नखाएवढा टवका उडाला तर तडा तिथूनच निघतो आणि तुमचा ५ कुठल्या कुठं जातो. म्हणून ३८ वाला कडा पॉलिश करतो ती नुसती शोभा नाही, कुठं टवका आहे ते पॉलिश करतानाच कळतं. उंची कमी करा, बरोबर आहे, पण काम त्याच्याकडूनच घ्या.

आणखी एक. स्टँड आणल्यावर पाणसळ ठेवा, लांबीला आणि रुंदीला. फरशीला उतार असतोच. पाचर द्यायची ती स्टँडच्या पायाखाली, काचेखाली कधीच नाही. काचेखाली थर्माकोलची एक अख्खी शीट, तुकडे जोडून नको.

दुसरा_मजला_विश्रामबाग

काल संध्याकाळी दोन्हीकडं जाऊन आलो, बॅटरी घेऊन.

२२ वाल्याकडं तयार चार फुटी टाकी होती. उभ्या सांध्यात चमकती रेघ खालपासून वर बोटभर गेलेली, आरपार. मी दाखवली तर म्हणाला, "पाणी भरलं की दिसत नाही." ते खरंही असेल. सिलिकॉनची नळी मात्र संपली म्हणाला.

३८ वाल्यानं बॅटरी बघितली आणि पहिल्यांदा हसला. त्याच्याकडचा सांधा एकसारखा होता, दोन सुटे ठिपके सोडले तर. ६ × अडीच × दीड, १० एमएम, कडा पॉलिश, आत पट्टी, स्टँडसकट ३१ सांगितले. दुकानात भरून तीन दिवस ठेवाल का म्हटलं, तर म्हणाला ठेवतो, पाण्याचा टँकर तुमचा. मग बोरला पाइप लावायचं ठरलं, त्याचे पाचशे. साडेअठरा हजार हातात राहिले, त्यात कॅनिस्टर बसतोय. मिरजकर, जुना स्पंज मी टाकणार आहे.

खालच्या काकूंना सांगून आलो. त्यांनी विचारलं, वास येणार नाही ना. गळण्याचं काहीच विचारलं नाही.

खालच्या_मजल्यावरची

विचारतील.

ऑस्करवाला_मिरज

३१ दिलेत ते दिलेत. १० एमएमच घेतलीत शेवटी, हे लक्षात असू द्या. :)

कुपवाडचा_काचवाला

पाणसळ नसेल तर माझ्याकडची घेऊन जा. टाकी चढवताना सहा माणसं लागतील, जिन्याच्या वळणावर उभी करू नका, आडवीच ठेवून वळवा. वळणाचं माप आधी दोऱ्यानं घ्या.