जुन्या पेट्रोल जीपला इंजेक्शन किट बसवावं, की सोलेक्स कार्बोरेटरच नीट करावा?

जुनीजीप
सोलापूरचा मे महिना, पारा ४२-४३ वर, आणि पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. अशात हरिकेन इंजिनच्या (२१९९ सीसी) जुन्या महिंद्रा जीपा सिग्नलला उभ्या राहिल्या की बंद पडतात. ब्लॉकवरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, ओढताना लाइनमधला दाब पडतो, आणि तापलेल्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ धरते. पंपाच्या डायफ्रॅमला (हलणाऱ्या पडद्याला) ती वाफ ओढता येत नाही. इंजेक्शनचा पंप टाकीत बुडालेला असतो, मागून ढकलतो. लाइनमध्ये किटप्रमाणे ३ ते ४ बार दाब, उरलेलं पेट्रोल रिटर्नने परत. सोलेक्सवर पैसे घालणं थांबवा आणि थ्रॉटल बॉडी किट (कार्बोरेटरच्या जागी बसणारं इंजेक्शन) बसवा, हे माझं मत.

जेट१२०
साफ विरोध. रोग पंपाचा आणि ऑपरेशन कार्बोरेटरचं! टाकीजवळ, तळापेक्षा खाली, फ्रेमला कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा. अडीच-तीन पीएसआय पुरे. जास्त दिला तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी नीडल उचलली जाते आणि चेंबर ओव्हरफ्लो होतो. कार्बोरेटरखाली जाड बेकलाइट पॅकिंग टाका, लाइन सायलेन्सरपासून लांब न्या.

आता ई२०. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) इंजिन उपाशी चालतं. सोलेक्सच्या जेटचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० असेल तर १२५ लावा. भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, तेवढंच हवंय. जुना जेट ड्रिलने मोठा करू नका, आतली कड खरबरीत होते आणि मग कुठलंच सेटिंग टिकत नाही. नीडल, डायफ्रॅम, पाइप इथेनॉलला टिकणारे घ्या.

जुनीजीप
जेट एकच बसतो. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार दोन्हींना तो बरोबर कसा येईल? ईसीयू (किटचा कॉम्प्युटर) सायलेन्सर पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर बघून क्षणाक्षणाला भरपाई करतो. डिस्प्ले लॅम्ब्डावर (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा) ठेवा, मग ई२० चा गोंधळच नाही: सरळ चालीला १, पूर्ण पिकअपला ०.८५ च्या आसपास.

अर्थ_वायर
किट बसवतात आणि महिन्यात ईसीयूला शिव्या देतात. बहुतेक वेळा दोष ईसीयूत नसतो. जुना डायनॅमो आयडलला जवळपास काहीच देत नाही, आणि एकटा हाय प्रेशर पंपच ५ ते ८ अँपिअर खातो. वर इंजेक्टर, सेन्सरचा हीटर, रात्री हेडलाइट. आधी निदान ४५ अँपिअरचा अल्टरनेटर. ईसीयूची प्लस-मायनस थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज. इंजिन ब्लॉक ते बॅटरी वेगळी जाड अर्थ पट्टी. पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर आणि तांब्याच्या साध्या प्लग वायर राहिल्या तर स्पार्कचा कचरा आरपीएम सिग्नलमध्ये शिरतो आणि गाडी धावता धावता मिसफायर देते. रेझिस्टर प्लग आणि कार्बन कोअर वायर घालाच.

ऑक्सिजन सेन्सर बसवायचा आट्याचा नट सायलेन्सर पाइपला वरच्या बाजूने, आडव्यापासून निदान १० अंश चढता वेल्ड करा. खालून लावला तर पाण्याचा थेंब बसून सेन्सर तडकतो. त्याच्या अलीकडे गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयू इंजिनला उपाशी समजतो आणि पेट्रोल ओततच राहतो. प्लग काळेकुट्ट.

जेट१२०
म्हणजे अल्टरनेटर, इग्निशन, वायरिंग, टाकी सगळंच नवं. मिळतं काय? हरिकेनला वेगळा इनटेक मॅनिफोल्डच नाही, तो हेडमध्येच ओतलेला आहे. म्हणून चारही सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर बसत नाहीत. थ्रॉटल बॉडी त्याच जुन्या वाटेवर बसते, सिलिंडरमधलं असमान वाटप तसंच. आणि तुळजापूरच्या घाटात कार्बोरेटर स्क्रूड्रायव्हरने उघडतो, किट उघडत नाही.

जुनीजीप
वाटपाचा मुद्दा मान्य, घाटाचा नाही. रिले, फ्यूज आणि एक पंप गाडीत ठेवला की बहुतेक बिघाड रस्त्यावरच निघतात. खरी जोखीम ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी आहे. आत बाफल (पेट्रोल अडवणारे पडदे) नाही, वळणावर पेट्रोल बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. एक-दीड लिटरचा सर्ज टँक (पंपासाठी कायम भरलेली छोटी टाकी) घ्या, रिटर्न त्यातच सोडा. पाइप इंजेक्शनच्या दाबाचा, एसएई ३०आर९ चाच. कार्बोरेटरचा साधा पाइप ४ बारला फुटेल, तोही सीटखाली. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी उतरवून धुवा आणि वेल्डच्या खालपर्यंत पाणी भरा. गंज आतून निघाला नसेल तर किटचं खोकं उघडूच नका.