सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर हुशार झालं, ठीक. पण कुणासाठी?

शिवारफेरी

काल इथे 'सर्वेक्षण आता चुटकीसरशी' असा लेख वर आला होता. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विषय सांगितला की एआय प्रश्नावली लिहून देतं, मुलाखतीचं रेकॉर्डिंग आपोआप अक्षरांत उतरतं, खुल्या उत्तरांचे गट पडतात, आलेख तयार. आणि शेवटी 'लवकरच खऱ्या उत्तरदात्यांचीही गरज उरणार नाही' हे वाक्य, त्यावर टाळ्यांच्या स्मायल्या. तिथे दोन ओळी लिहायला गेले, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

मी फील्ड सुपरवायझर. मराठवाडा, खानदेश. फोनवर फॉर्म भरायची ओडीके, कोबो, सर्व्हेसीटीओ ही तिन्ही सॉफ्टवेअरं वापरलीत आणि कागदाकडे परत जायची हौस मला नाही. तक्रार एवढीच की जे जे नवीन येतं ते एक तर ऑफिसात बसलेल्याचं काम हलकं करायला, नाहीतर फील्डवरच्या मुलींवर नजर ठेवायला. प्रश्न नीट विचारला जावा, समोरच्या माणसाला तो कळावा, यासाठी काय आलं?

जीपीएस घ्या. एका फॉर्ममध्ये सुरुवातीलाच ठिकाण नोंदवायचं होतं, अचूकता पाच मीटरच्या आत आल्याशिवाय पुढे जायचं नाही. पत्र्याच्या घरात पाच मीटर येत नाही. मग आमची मुलगी अंगणात फोन डोक्यावर धरून उभी. चौदा, अकरा, नऊ, पुन्हा बारा. तोवर जी बाई बोलायला तयार होऊन बसली होती ती भाकरी थापायला उठली आणि तिच्या जागी सासू येऊन टेकली. 'घरातले निर्णय कोण घेतं' या भागातली पुढची सगळी उत्तरं सासूची. ऑफिसच्या डॅशबोर्डवर मात्र सगळं हिरवं. जागा बरोबर, वेळ बरोबर, एकही रकाना रिकामा नाही.

आता ते आपोआप गट पाडणं. ऊसतोड कुटुंबांना कर्जाबद्दल खुला प्रश्न होता. 'मुकादमाकडून उचल घेतली' अशी ढीगभर उत्तरं. यंत्राने ती सगळी 'पगाराची आगाऊ रक्कम' मध्ये टाकली आणि कर्जाचा रकाना ओस पडला. जे जोडपं उचल फिटेपर्यंत पुढच्या हंगामालाही त्याच टोळीत जाणार, ते आमच्या अहवालाच्या मसुद्यात कर्जमुक्त! मसुदा वाचताना एका पोरीच्या लक्षात आलं, कारण तिचे आईवडील तोडीला जातात. तिला कोणत्या अपडेटमध्ये मिळवायचं ते सांगा.

कोडगा

नावाला जागून लिहितो, कारण असे फॉर्म मीच बनवतो. ताई, दुखणं खरं आहे, पत्ता चुकलाय. पाच मीटरची अट फॉर्म बनवणाऱ्याने ठेवलेली असते, ती सैल करता येते. ठिकाणाचा प्रश्न शेवटी टाका. नाहीतर ऑडिट लॉगमध्ये (फोन मागे आपोआप ठेवतो त्या नोंदीत) ठिकाण टिपायचं चालू करा, अंगणात जायलाच नको. एक्सएलएसफॉर्मच्या, म्हणजे ज्या एक्सेलमध्ये फॉर्म लिहितात त्या शीटमधली एक ओळ वरची खाली करायचं काम आहे हे. त्यासाठी अख्ख्या सॉफ्टवेअरवर धागा?

आणि कागद कसा होता ते मी पाहिलंय. 'उत्तर नाही असल्यास प्रश्न २७ वर जा', आणि कुणी गेलेलं नाही. पाच वर्षांच्या मुलीला तीन अपत्यं. गठ्ठे एसटीच्या पार्सलने यायचे, गोदामात वाळवी लागायची, मग तेच आकडे दोनदा टाइप करून जुळवत बसायचं. टपरीवर बसून भरलेल्या फॉर्मांबद्दल तर बोलतच नाही. एका प्रकल्पात एका तालुक्याचे फॉर्म नकाशावर टाकले, सगळे ठिपके एकाच लॉजवर! नजर का ठेवतात विचारताय ना, म्हणून ठेवतात.

ओडीके २००८ पासून आहे, वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं, खुलं आहे. त्यामुळेच तालुक्याच्या ठिकाणची छोटी संस्थाही नीट सर्वेक्षण करू शकते. आणि फील्डसाठी काही आलं नाही म्हणता? ओडीकेमधल्या एंटिटीज काय आहेत मग? पूर्वी दुसऱ्या फेरीला जुन्या घरांच्या तक्त्याची सीएसव्ही फाइल जोडा, तिच्यातून माहिती खेचायला पुलडेटाचं सूत्र लिहा, एक आयडी चुकला की बोंब. आता मागच्या भेटीतली माहिती पुढच्या फॉर्ममध्ये आपोआप येते, नेट नसलं तरी.

शिवारफेरी

एंटिटीज मान्य. एक झालं. अजून?

कोडगा

प्रश्नाचा मजकूर एका कॉलममध्ये मराठी, शेजारच्या कॉलममध्ये अहिराणी, तिसऱ्यात बंजाऱ्यांची गोरमाटी. भाषा फोनवरच बदलता येते. कागदावर तीन छपाया कराव्या लागल्या असत्या.

शिवारफेरी

कॉलम आहे हो. अहिराणीच्या कॉलममध्ये अहिराणी भरायला माणूस नेमलेला मी तरी अजून पाहिला नाही.

निवृत्त_नमुना

दोघांनाही एक जुनी गोष्ट आठवून देतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ५५वी फेरी, १९९९-२०००. अन्नपदार्थांवरचा खर्च त्याच कुटुंबाला सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा शेजारी शेजारी विचारला गेला. माणूस एक आकडा सांगितला की दुसरा त्याला जुळवून सांगतो. तीस दिवसांचे आकडे त्यामुळे फुगले असावेत, अशी शंका तेव्हापासून आहे. खर्च जास्त दिसला की गरीब कमी दिसतात. याच फेरीवरून नियोजन आयोगाने गरिबी २६.१ टक्के जाहीर केली. १९९३-९४ मध्ये ती ३६ टक्के होती. हे दहा टक्के खरे किती आणि दोन रकान्यांच्या शेजारामुळे किती, यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षे भांडले. तिथे सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. टॅब असता तर तीच चूक अधिक सुबक झाली असती.

२०२२-२३ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणात अन्न, इतर नित्य वस्तू व सेवा, आणि टिकाऊ वस्तू अशा तीन वेगळ्या भेटी ठेवल्या. ही सुधारणा प्रश्नकर्त्याने विचार करून केली. टॅब सोबतीला होता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र पथके पाठवून त्यांच्या आकड्यांतला फरक तपासण्याची रीत घालून दिली ती कागद-पेन्सिलीच्या काळात. आज कोणत्या डॅशबोर्डवर तो फरक दिसतो?

अवांतर: विश्लेषणाच्या बाजूचे नवे 'एका क्लिकवर' प्रकार पाहून रक्तदाब वाढतो. नमुना गटवार काढलेला (आधी गावे, मग त्यांतली घरे), भारांक (एक घर किती घरांच्या वतीने बोलते तो आकडा) वेगवेगळे, आणि हे साधा भार लावून प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा किती डळमळीत आहे त्याचे माप, काढतात, जणू चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली आहेत. मग टिचभर फरकालाही 'हा फरक खरा' असे सांगणारे तारांकन. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधले सर्व्हे पॅकेज फुकट आहे, स्तर (नमुना काढण्याआधी पाडलेले विभाग) आणि गट सांगायला एक ओळ लागते. पण एखाद्या स्तरात एकच गाव उरले की ते अडून बसते, तुम्हाला विचारते. लोकांना न विचारणारे सॉफ्टवेअर आवडते.

कोडगा

काका, शेवटच्या परिच्छेदाला +१. आमच्याकडे एकाने एनएसएसचा (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा) भारांक शंभराने भागलाच नाही, तो शंभर पटीत दिलेला असतो. भारताची लोकसंख्या शंभर पट. आलेख मात्र फार सुंदर आला होता.

खडूफळा

नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. चर्चा उत्तम चालली आहे, पण हे सर्वेक्षण करतं कोण, ते कुणी बोलत नाही. आम्ही करतो. कोणतं ते नाव घेत नाही. सकाळी आदेश, दुपारी ऑनलाइन प्रशिक्षण, त्यात आवाज तुटक, दुसऱ्या दिवसापासून दारोदार. फोन स्वतःचा, नेटपॅक स्वतःचा. अ‍ॅप नव्या फोनवर चालतं, माझ्यावर नाही. रात्री वरून फोन: 'गुरुजी, तुमचे फॉर्म सिंक झाले नाहीत.' शाळा द्विशिक्षकी. मी गावात फिरतो तेव्हा मॅडम एकट्या पहिली ते चौथी सांभाळतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढंच. जनगणनेला ना नाही. बाकीची सर्वेक्षणं त्यात कुठे बसतात?

पेठकर

आलेच मास्तर. धागा कोणताही असो, गाडी अशैक्षणिक कामांवर. पगार सातव्या आयोगाचा, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी. चार दिवस फॉर्म भरले तर आभाळ कोसळतं का?

खडूफळा

पेठकर साहेब, सुट्टीत कोण कुठे असतं ते एकदा येऊन बघा. मतदार यादीचं काम आमच्याकडे, खिचडीची रोजची नोंद आमच्याकडे, आणि चौथीच्या मुलाला भागाकार आला नाही की बातमी आमच्याच नावाने. तुमच्या हापिसात कुणी सांगितलं का, उद्यापासून आठ दिवस संडास मोजा म्हणून?

पेठकर

आवाज चढवला म्हणजे मुद्दा होत नाही. खाजगीतल्या माणसाला नाही म्हणायची सोयच नसते. तुम्हाला संघटना तरी आहे.

खडूफळा

संघटना आहे म्हणून कलम २७ तोंडपाठ आहे. पाळलं जातं असं कुठे म्हणालो?

दुपारचाचहा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. गुरुजींना माझं मत.

पेठकर

पॉपकॉर्नवाल्यांचीही कमाल आहे. माझी बहीण शिक्षिका आहे, नगर जिल्ह्यात. मला काही माहीत नाही असं समजू नका. तीही हेच रडगाणं गाते, आणि मी तिलाही हेच सांगतो.

खडूफळा

बहिणीचं ऐकत नाही तो माझं काय ऐकणार. नमस्कार.

निवृत्त_नमुना

पेठकर, गुरुजींना झोडपण्याआधी एक लक्षात घ्या. त्यांची तक्रार मूळ प्रश्नाबाहेरची नाही. गावातले गुरुजीच दारात उभे राहून 'मुलं शाळेत जातात का?' विचारणार असतील तर पालक काय सांगतील? 'जातात की, गुरुजी.' शेळ्यांमागे गेलेला मुलगाही त्या दिवशी शाळेत. कोण विचारतो यावर उत्तर बदलते, हे आमच्या शास्त्रातले जुने दुखणे आहे. ते कोणत्याही ऑडिट लॉगमध्ये उमटत नाही.

पेठकर

हा मुद्दा बरोबर आहे. गुरुजींनी तो स्वतः मांडला असता तर इतकं झालं नसतं.

टॅबवाली

मला शिवारफेरी ताईंच्या 'नजर ठेवणं' वर लिहायचंय. मी मुलाखती घेते, फॉर्ममागे पैसे.

आमच्या टॅबवर ऑडिओ ऑडिट असतो. मधेच कुठल्या तरी प्रश्नाला रेकॉर्डिंग सुरू होतं, कुठल्या ते आम्हाला सांगत नाहीत. प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद थांबलो तेही जातं. कमी सेकंद म्हणजे फोन येतो. म्हणून आता आम्ही उत्तर मिळालं तरी स्क्रीन पुढे सरकवत नाही. पाणी पितो, पोराचं नाव विचारतो, सेकंद भरले की पुढे. ऑफिसवाले म्हणतात गुणवत्ता वाढली.

पण ते सोडा. नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न होते. बाईने दार लोटून घेतलं, मला विचारलं, 'हे कुठं जाणार नाही ना?' मी नाही म्हणाले. मांडीवर टॅब. तो ऐकत होता की नव्हता, मला आजही माहीत नाही.

कोडगा

संमतीपत्रात रेकॉर्डिंगचा उल्लेख असतो. असायलाच लागतो.

टॅबवाली

असतो ना. 'गुणवत्ता तपासणीच्या दृष्टीने संवादाचा काही अंश ध्वनिमुद्रित केला जाऊ शकतो.' हे वाक्य तुम्ही चुलीपुढे बसलेल्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिला काय कळलं ते विचारा.

शिवारफेरी

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सूचना सोप्या भाषेत हवी, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेचा पर्याय हवा, असं आहे. कोडगा, तुमच्या फॉर्ममध्ये आहे?

कोडगा

त्याच कायद्यात संशोधन आणि सांख्यिकी कामाला सूटही आहे, अटी पाळून. अर्धा कायदा वाचून अंगावर येऊ नका. आणि ऑडिओ बंद केला तर ते लॉजवाले परत येणार, त्याची जबाबदारी कोण घेणार? खोट्या मुलाखतीने त्याच बायकांचं नुकसान होतं. त्यांचा आकडाच खोटा ठरतो.

निवृत्त_नमुना

लॉजवाले का बसले लॉजवर, हे कुणी विचारले का? फॉर्ममागे पैसे, दिवसाचा कोटा, आणि गावाला जायला एकच एसटी. आमच्या वेळी तपासनीस स्वतः जाऊन काही घरे पुन्हा विचारून यायचा. ते महाग पडते म्हणून आवाज चोरून ऐकायचा हा स्वस्त मार्ग. आता तर त्याहून स्वस्त निघाला आहे, एआयचे उत्तरदाते. अमेरिकेत खऱ्या निवडणूक सर्वेक्षणाशी ताडून पाहिले, सरासऱ्या बऱ्यापैकी जुळल्या, पण माणसामाणसांतला फरक आक्रसला. सगळे आपले शहाण्यासारखे एकसारखे बोलणारे. आमचा तर धंदाच त्या फरकावर चालतो.

कोडगा

एआय उत्तरदात्यांचं समर्थन मी केलेलंच नाही, तो कालचा लेख माझा नव्हे. पण प्रश्नावलीच्या चाचणीआधी एकदा त्यांच्यावर चालवून बघायला काय हरकत आहे? कुठे स्किप (प्रश्न वगळून पुढे जायची अट) तुटतो, कुठे पर्याय एकमेकांवर चढतात, ते सापडतं. त्यात भाबडेपणा काय?

शिवारफेरी

स्किप तुटतो ते सापडेल. सासू येऊन बसते ते सापडेल का?

कोडगा

नाही सापडणार. सासूसाठी फीचर काढलं की पहिला डेमो तुम्हालाच.

टॅबवाली

चेष्टा करा, पण 'मुलाखतीच्या वेळी दुसरं कोण बसलं होतं' हा रकाना प्रत्येक भागाच्या शेवटी द्या. सध्या आहे तो फॉर्मच्या अगदी शेवटी. तोवर सासू येऊनही गेलेली असते आणि आम्ही 'कोणी नाही' वर टिक करून मोकळे होतो.

कोडगा

हे बरं आहे. हे टाकता येईल, सोपं आहे. मारहाणीच्या भागात ऑडिओ बंद ठेवायची अटही घालतो, निदान माझ्या फॉर्ममध्ये. लॉजवाल्यांसाठी बाकीच्या भागात चालूच राहील, त्यावर माझं मत बदललेलं नाही. आणि रेकॉर्डिंगची सूचना पहिल्या पानावर, साध्या मराठीत.

टॅबवाली

पहिल्या पानावर नको. ते आम्ही घराबाहेर उभं राहूनच भरतो. संमतीच्या प्रश्नाच्या वर द्या. आणि त्या भागात ऑडिओ बंद आहे हे आमच्या स्क्रीनवर दिसू द्या, म्हणजे मला तिला खरं सांगता येईल.

कोडगा

बरं. मजकूर तुम्हीच लिहून पाठवा. मी लिहिला तर पुन्हा 'अंश ध्वनिमुद्रित' येईल.