स्विफ्टचा सायलेन्सर सडला, आवाज भारदस्त पायजे पण फटफटी नोको. कोणता टाकू?

परहाटीवाला (कारंजा लाडजवळ)

राम राम राजेहो. गाडी माही २०१५ ची स्विफ्ट पेट्रोल, सेकंडहँड घेतली त्याले ३ वर्षं झाले. मागचा सायलेन्सर खालून सडला, बोट जाते एवढं भोक, आता सकाळी स्टार्ट केली का अर्ध्या गावाले समजते का हा कुठीतरी चालला. मिस्त्रीनं पत्रा ठेवून वेल्डिंग मारून देल्लं होतं, ते महिनाभर टिकलं अन मंग बाजूलेच दुसरं भोक पडलं, पत्राच एवढा पातळ झाला का वेल्डिंग धरूनच नाई रायली.

आता बदलाच लागते तर म्हटलं थोडा चांगला टाकू. मले फटाके नाई पायजे, बुलेटवाल्या पोट्ट्यांसारखं गावातून फाडत नाई जायचं. आवाज असा का बाहेर उभ्या माणसाले वाटावं गाडीत काहीतरी आहे, अन आत बसलेल्याले समजू बी नये. अमरावतीत एका दुकानात पाह्यला, मोठं तोंड, टोकाले निळी-जांभळी झाक, साडेपाच हजारात लावून देतो म्हणे. पिकअप वाढते म्हणे, ॲव्हरेज बी वाढते म्हणे. दुसरा दुकानवाला म्हणते बॅकप्रेशर, म्हणजे धुराले पाइपात होणारी अडवणूक, गेलं का गाडी मरते. कोणाचं खरं समजाव? अन पाइप २ इंची घेऊ का अडीच इंची?

एक गोष्ट ध्यानात घ्या, बाबा मागच्या सीटवर बसतात, महिन्यातून दोनदा समृद्धीनं नागपूरले दवाखान्यात न्या लागते त्यायले.

पाना_बारा_तेरा (परतवाडा)

भाऊ मी गाड्यांच्या खाली झोपूनच अर्धं आयुष्य काढलं, तर सरळ सांगतो, पयले ते निळं तोंड डोक्यातून काढ. स्टेनलेस स्टीलले निळा रंग यायले पाचशे डिग्रीच्या आसपास गर्मी लागते, ते इंजिनजवळ मॅनिफोल्डले, म्हणजे इंजिनातून धूर काढणाऱ्या पयल्या पाइपाले, होते, बाराशे सीसीच्या गाडीत मागच्या टोकापर्यंत येतायेता ते सारं थंड होऊन जाते. तिथं निळं दिसलं म्हणजे गॅसबत्तीनं तापवलं नाईतर रंग मारला. तू रंगाचे पैसे देऊन रायला.

आता माल. दुकानदार चुंबक काढून दाखवते, पाय भाऊ चिकटत नाई, म्हणजे ३०४ ग्रेडचं चांगलं स्टेनलेस स्टील. हे अर्धंच खरं आहे. ३०४ ले चुंबक चिकटत नाई हे बरोबर, पण २०२ ले बी नाई चिकटत, अन २०२ म्हणजे आपल्या जिन्याची रेलिंग, स्वस्त माल, गंज लवकर धरते. अन कंपनी जे ४०९ लावते त्याले चुंबक चिकटते तरी ते सायलेन्सरसाठी चांगलं स्टील आहे. म्हणून चुंबकावर जाऊ नोको, बिलावर ग्रेड लिहून माग. लिहून देत नसन तर समजून जाजो.

तुही गाडी आतून सडली, बाहेरून नाई. एक लिटर पेट्रोल जळलं का जवळपास लिटरभर पाणी तयार होते, वाफ होऊन धुराबरोबर निघते. पण गाडी घरून वावरात अन वावरातून घरी एवढीच चालली तर सायलेन्सर तापतच नाई, पाणी आतच बसते अन पत्रा खाते. कंपनीच्या डब्ब्याले बहुतेक वेळा खालून सुईएवढं बारीक भोक असते, थे पाण्यासाठीच असते. लोकं आणतात माझ्याकडे, भाऊ हे लीकेज बंद करा. अरे बाबा, नाई करत.

बॅकप्रेशरचं सांगतो. इंजिनले अडवणूक कधीच नाई पायजे, त्याले पायजे धुराची चाल. पाइप लय मोठा केला का धूर आरामात लोळत जाते, खालच्या आरपीएमले गाडी मेल्यासारखी वाटते, लोकं म्हणतात बॅकप्रेशर गेलं. तुह्या गाडीले २ इंच म्हणजे शेवट, अडीच घेऊ नोको. पिकअपचं स्वप्न बी सोडून दे, नुसता मागचा डब्बा बदलून या इंजिनले काई समजत नाई.

शेवटचं, डब्ब्याच्या आत टॉर्च मारून पाय. इकडून तिकडे सरळ उजेड दिसला तर आत जाळीचं नळकांडं अन भोवती ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्याचा कापूस. नवीन असताना आवाज मस्त गोल असते, मंग वूल जळत जाते, उडत जाते, अन आवाज दर महिन्याले चढते. उजेड नाई दिसला तर आत कप्पे आहेत, धूर वळणं घेत जाते. तुले कप्प्यावालाच पायजे.

गाडीचा_नाद (वर्धा)

माझं ऐकून घे दादा, मी हे सगळं करून बसलो. माझी ऑल्टो के१० होती, तीन सिलिंडर. मागचा डब्बा सरळ नळीवाला लावला, तेवढ्यावर समाधान नाई झालं तर मधला छोटा रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज मारणारा डब्बा, पण काढून सरळ पाइप वेल्ड करून घेतला. दुकानासमोर उभी असताना आवाज असा की शेजारच्या चहावाल्यानं पण मान हलवली. खूश होऊन घरी आलो.

मग हायवेला लागलो. ८० पर्यंत ठीक, नव्वदच्या पुढे गेलो की आत एक भुंगा शिरला. बाहेर आवाज मोठा नाई, आत मात्र डोक्यात घुमते, दाळीची गिरणी शेजारी चालू असल्यासारखं. हिशोब नंतर समजला, चार सिलिंडरची गाडी ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा धूर फेकते, तीनवाली ७५ वेळा, आणि बंद गाडीची हवा त्याच सुरात हलायला लागली की झालं. तुझी स्विफ्ट पाचव्या गियरमध्ये शंभरला साधारण तिथंच चालते, आणि समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे म्हणजे तासन्‌तास तेच. बायको सेवाग्रामहून येता येता म्हणाली, मी यानंतर बसनं जाईन.

दुसरं सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात शिरताना समोरून बैल घेऊन म्हातारबुवा येत होते, नदीवरून धुऊन आणलेले, मी गियर खाली टाकला आणि सायलेन्सर भडकला. डावा बैल असा उधळला की कासरा हातातून सुटला आणि बुवा बांधावर पडले. लागलं नाई फार, हात सोलला. मी खाली उतरून पाया पडलो. ते काई बोलले नाईत, बैलाच्या मानेवर हात फिरवत बसले. त्या रात्री ठरवलं.

पण परत कंपनीचा लावायला गेलो तर दुकानवाला म्हणे जुना डब्बा भंगारात गेला. म्हणून काही पण कर, जुनं सामान घरी घेऊन ये. आणि पाइप खाली लोंबता ठेवू नको, पांदण रस्त्यात बैलगाडीच्या चाकोऱ्यांत मधला उंचवटा असा घासते की पाइप टांगायच्या रबरातून निघून येते.

बोंडअळी_२

गुलाबजामाचा रिकामा डब्बा बांध भाऊ, आवाज बी येते अन वास बी

आर्वीकर

वरचे तिघं बोलले त्यात कायद्याचं राहून गेलं. मी मास्तर आहे, सवय आहे त्यामुळे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग येतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेस १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिन्यांसाठी जातं. प्रत्यक्षात चौकात एवढं कोणी करत नाही हे मलाही माहीत आहे, पण पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो पेपरात आपण सगळ्यांनी पाहिलेत.

दुकानदार म्हणाला की "कॅट काढून देतो, गाडी मोकळी होईल", तर गाडी उचलून तिथून निघ. कॅट म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्याला त्याचे पैसे मिळतात आणि तुला चेक इंजिनचा दिवा मिळतो. पेट्रोलचा उग्र वास येतो तो वेगळाच. कॅटच्या मागे काय करायचं ते कर, पुढे हात लावू देऊ नको.

आणि पैसे देण्याआधी बाबांना मागच्या सीटवर बसव, काचा बंद, शंभरावर दहा मिनिटं चालव. दुकानासमोर रेस करून दाखवतात तो आवाज तुम्हाला आयुष्यात पुन्हा कधी ऐकायचा नसतो.

परहाटीवाला

सगळ्यायले धन्यवाद. गाडीचा_नाद दादा, तुमचा बैलाचा किस्सा घरी वाचून दाखवला तर आई म्हणे, सायलेन्सर राहू दे, पयले त्या बुवाले भेटून आला का थो पोरगा परत ते विचार.

काल अमरावतीले गेलो, बाबाले घेऊनच. निळ्यावाल्याले म्हटलं बिलावर ३०४ लिहून द्या, तर म्हणे अहो बिल कायले पायजे. दुसऱ्या दुकानात कप्प्यावाला भेटला, पाइप पावणेदोन इंची, तोंड साधं, खाली वळलेलं, आर्गन वेल्डिंग एकसारखी. मधला रेझोनेटर, कॅट, काईच हलवलं नाई. बडनेऱ्याच्या पुढे बायपासवर शंभरावर नेली, काचा बंद. बाबा गप. पाच मिनिटांनं पाह्यलं आरशात तर झोपले होते. तिथूनच वापस फिरवली अन पैसे देल्ले. स्टार्ट करताना बारीक गुरगुर येते, मले तेवढी पुरे.

जुना डब्बा डिक्कीत आहे, घरी आणला. आता एकच, घरी येऊन उभी केली तर खालून धूर निघून रायला, पांढरा, जळक्या तेलाचा वास. दुकानात फोन लावतो तर उचलत नाई. काई बिघडलं का?

पाना_बारा_तेरा (परतवाडा)

नाई रे. नव्या पाइपावर तेलाचा हात असते, कारखान्यातला, थे जळते. एकदोन दिवसांत बंद होते. फक्त कुटाराच्या ढिगाजवळ गाडी लावू नोको, आता बी नाई अन नंतर बी नाई, कॅट खालून लय तापते अन सोयाबीनचं कुटार पेटायले वेळ नाई लागत. अन रबर जुनेच टाकले का नवे?

परहाटीवाला

जुनेच.

पाना_बारा_तेरा (परतवाडा)

मंग उद्या नवे टाकून घे, नाईतर सारं खळखळ वाजन अन तू मलेच शिव्या देशीन.